अंगणवाडीतलं सगळ्यात मोठं लेकरू

गेल्या थंडीत मला न्यूमोनिया झाला आणि आठ दिवस भंडाऱ्याच्या दवाखान्यात काढावे लागले. नात तेव्हा नुकतीच जन्मली होती. घरी आलो तर नवाच शिरस्ता. मी खोकलो की सूनबाई नातीला उचलून आतल्या खोलीत जायची. तोंडाने एक शब्द नाही. छातीचा फोटो साफ निघाला, उरला तो जुन्या विडीचा खोकला. तो काय मी हौसेने काढत होतो? नऊ महिने नातीला उंबरठ्याबाहेरून बघितलं. राग यायचा, आणि खरं सांगतो, रडूही यायचं.

दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टरांनी न्यूमोनियाची लस घ्यायला सांगितलं होतं. ती मी टाळली. परवा आशाताई नातीच्या डोसाचं सांगायला आली. कशाची लस, विचारलं तर म्हणाली, न्यूमोनियाची. म्हटलं, आयतंच झालं. धुतलेला सदरा घातला, आधार कार्ड घेतलं आणि सुनेच्या आधीच अंगणवाडी गाठली.

तिथे लेकरं घेतलेल्या बायांची रांग. आमच्या अड्याळात म्हाताऱ्याला रांगेत ताटकळत ठेवत नाहीत. "बाबाजीले पयले जाऊ द्या," म्हणत बायांनी मला थेट पुढे सरकवलं. काहून आला, हे कोणी विचारलंच नाही. मी बाही वर करून स्टुलावर बसलो.

"लेकरू कोठी आहे?" नर्सबाईंनी विचारलं.

"मीच आहो."

बाया हसून लोटपोट झाल्या. नर्सबाईंनी हसू आवरत समजावलं. इथली लस बाळांची. दीड महिन्याला, साडेतीन महिन्याला आणि नऊ महिन्याला. "मोठ्यायची वेगळी राहते, डॉक्टरले विचारून घ्या. पण घ्याच बाबाजी. हे जंतू लेकराच्या शेंबडातून म्हाताऱ्याले अन् म्हाताऱ्याच्या खोकल्यातून लेकराले, असे दोन्हीकडे फिरतात."

सून मागे उभी राहून हे ऐकत होती. नातीला टोचून झालं, ती किंचाळली. अर्धा तास तिथेच थांबायचं होतं.

"मामाजी, मले भेव वाटते म्हणून नेतो मी तिले आत. तुमचा राग नाही," सून म्हणाली. "उद्या तुमाले भंडाऱ्याले नेतो, डॉक्टरले विचारून तुमचीही टोचून आणू. घ्या आता इले."

मी तोंडाला दुपट्टा बांधला आणि नातीला घेतलं. परक्या माणसाने उचलावं तशी ती दुप्पट जोरात रडू लागली. मी काही तिला परत दिली नाही.