आकडा बदलला होता

गावातलं तारघर बंद पडलं, तिथली नोकरी गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. इस्पितळाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या त्या पन्नाशीच्या गृहस्थांना सगळे तारमास्तरच म्हणत. मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवलेल्या नमुन्यांचे अहवाल ईमेलने यायचे. मॉडेमवरून फोन लावायचा, टपाल उतरवायचं, छापून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवायचं, हे त्यांचं काम. मशीन लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचं. ती बसवून देणारा इंजिनिअर केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

त्या आठवड्यात वॉर्डात त्यांचे दाजी होते, थोरल्या बहिणीचे यजमान. ताप हटत नव्हता आणि कशाचा ते कळत नव्हतं. नमुना तपासायला गेला होता.

मंगळवारपासून टपाल येईना. मॉडेम किंचाळायचा, लाइन लागायची आणि पडद्यावर एकच ओळ उमटायची: सर्व्हरचं नाव सापडत नाही.

ताई रोज सकाळी खिडकीशी यायची. "आलं का रे काही?"

"नाही गं. त्यांनी अजून पाठवलाच नाही."

डॉक्टरीणबाईंनाही मास्तरांनी हेच सांगितलं. प्रयोगशाळेला फोन करता आला असता. पण मागे एकदा केला तेव्हा तिथला कारकून खेकसला होता, "तयार झाला की येईल, जीव खाऊ नका!" ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

टेलिफोनवाले येऊन गेले. लाइन ठणठणीत होती. शुक्रवारी मास्तरांनी इंजिनिअरची जुनी वही काढली. तिच्यात टपालाच्या सर्व्हरचा आकडी पत्ता होता. तो टाकून हाक मारली तर पलीकडून लगेच ओ आली. नाव टाकलं की मात्र सामसूम. म्हणजे रस्ता चालू होता. नावावरून आकडा सांगणारा डीएनएस सर्व्हर तेवढा बोलत नव्हता. त्यांनी इंटरनेट कंपनीला फोन लावला.

"तो सर्व्हर सोमवारीच बदलला," पलीकडची मुलगी म्हणाली. "सगळ्यांना ईमेल केला होता की!"

मास्तरांनी तिच्याकडून नवा आकडा घेतला आणि मशीनमध्ये जुना आकडा होता त्या फाइलीत लिहिला. फोन लावला. पडद्यावर पुन्हा तीच ओळ. फाइल उघडली तर जुना आकडा परत येऊन बसलेला. फोन लावणारा प्रोग्रामच दर वेळी तो लिहीत होता. त्या प्रोग्रामची सेटिंग शोधून आकडा तिथे बदलला, तेव्हा कुठे टपाल धडाधड उतरलं.

दाजींचा अहवाल मंगळवारी सकाळचा होता. खाली लिहिलं होतं, औषध ताबडतोब सुरू करा.

कागद वाचून डॉक्टरीणबाई वॉर्डाकडे धावल्या. औषध सुरू झालं. रविवारी दुपारी दाजी गेले.

"आधी मिळालं असतं तर वाचले असते का?" मास्तरांनी विचारलं.

"कदाचित," बाई म्हणाल्या. त्यांनी खोटा धीर दिला नाही.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर मास्तरांनी ताईला सगळं सांगितलं. यंत्राचं तिला समजलं नाही. तिने एवढंच विचारलं, "पाठवला नाही म्हणालास. तुला कसं कळलं होतं?"

"कळलं नव्हतं."

तिने पदराने तोंड पुसलं आणि उठून आत गेली.

नोकरी त्यांनी सोडली नाही. पण पुढे अहवाल आला नाही की ते त्याच दिवशी प्रयोगशाळेला फोन करायचे, कितीही शिव्या खाव्या लागल्या तरी. ताईने त्यांच्याशी संबंध तोडले नाहीत. ते घरी गेले की चहा पुढे करते, तब्येत बरी आहे का विचारते. पूर्वी बारीकसारीक गोष्टीतही ती त्यांचाच सल्ला घ्यायची; आता मात्र शेजारणीला विचारते.