पाचव्या महिन्यातला मेंदू

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी वर्ध्याजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवत होते. उरलेल्या वेळात गर्भाच्या मेंदूवर काम करायचे. मेंदू वाढताना आतल्या पोकळीच्या कडेला मूळ पेशी असतात. त्यांतल्या काहींपासून चेतापेशी होतात, काहींपासून त्यांना आधार देणाऱ्या पेशी. कोणती कुठे वळली, हे तिच्यात कोणतं प्रथिन तयार होतंय यावरून कळतं. ते प्रथिन हुडकून रंगवायचं द्रव्य दिल्लीहून बर्फात घालून रेल्वेने यायचं. गाडीला फार उशीर झाला की वाया जायचं.

त्या उन्हाळ्यात नाचणगावच्या एका शेतकरी बाईचा पाचव्या महिन्यात गर्भपात झाला. मी वॉर्डात जाऊन तिची आणि तिच्या नवऱ्याची, गर्भाचा मेंदू तपासायला घेण्याची परवानगी मागितली. ती म्हणाली, "घ्या. पण काय दिसलं थे मले सांगजा."

मेंदूचे पातळ काप करून रंगवले. आमच्याकडे पहिल्यांदाच आधाराच्या पेशींचे तंतू स्वच्छ तपकिरी उमटले. विभागप्रमुख खूश झाले. तिला बोलावते म्हटल्यावर मात्र म्हणाले, कशाला जखम उकरता. मी तरीही निरोप धाडला.

नवऱ्याला घेऊन ती आली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तिने पाहिलं. मग म्हणाली, "कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या केल्यासारखं दिसते."

मी सांगितलं, या आधाराच्या पेशी; यांच्याच अंगाने नव्या चेतापेशी आतून बाहेर सरकतात. पाचव्या महिन्यात असायला हवं तसंच सगळं होतं.

"म्हणजे डोकं चांगलं बनून राह्यलं होतं?"

"हो."

"मंग गेलं काऊन?"

मला माहीत नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं. तेव्हा ती बोलती झाली. भर उन्हात धसकटं वेचायला गेली म्हणून पोटातल्या लेकराच्या डोक्याला ऊन लागलं, असं घरात सगळे म्हणत होते. हळूहळू तिलाही तेच खरं वाटू लागलं होतं.

तिने दाराशी उभ्या नवऱ्याला आत बोलावलं. "पाहा तुमी. आन घरी तुमीच सांगा."

त्याने पाहिलं. मग मला हळूच विचारलं, लेकराचं उरलेलं परत मिळेल का. विभागप्रमुखांनी नाही म्हटलं नाही. मी पांढऱ्या फडक्यात बांधून दिलं. बसस्टँडवर पोचवायला गेले, तेव्हा गावाकडे जाणाऱ्या पुलगावच्या गाडीत ती ते मांडीवर घेऊन बसली होती.

पावसाळ्यात तपासणीला आली तेव्हा म्हणाली, शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी पुरलं. घरची बोलणी थांबली का, मी विचारलं. सासूची थांबली, बाकीच्यांची नाही, असं सांगून ती औषधाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.