कागदावरचा जुळा

दगडू पाटील मासा विकत घ्यायला कधीच आला नाही. तो यायचा, पाटीतला एखादा कटला दोन्ही हातांनी उचलायचा, पाठीच्या पंखाखालचा एक खवला चिमट्याने अलगद ओढायचा आणि उन्हाकडे धरून, एक डोळा मिटून बघत राहायचा. आमच्या सुरतेत हिऱ्याचा दलाल पुडीतला खडा बघतो, अगदी तसा. मग मासा होता तिथे ठेवून म्हणायचा, "तीन वर्षांचा आहे. मधल्या उन्हाळ्यात बिचाऱ्याची उपासमार झालीय."

पहिल्या दिवशी मी त्याचा हातच धरला होता.

"खवला उपटलेला मासा कोण घेईल रे? पैसे टाक."

"मासा नकोय मला, भाऊ."

"मग काय पाहिजे?"

"खवला. वय मोजायचंय त्याचं."

शेजारच्या ओट्यावरची हंसाबेन खदखदून हसली. "केम, एनां लगन करवानां छे?"

माझा स्वभाव सांगून ठेवतो. मी खानदेशातून मागावर काम करायला सुरतेत आलो. कारखान्याच्या शेठशी भांडलो, मशीन बंद करून बाहेर पडलो आणि उकाई धरणाचे मासे पाटीतून आणून विकायला लागलो. पाटीचा टेम्पो झाला, टेम्पोचा बाजारात स्वतःचा ओटा झाला. मी कुणाला बर्फाचा खडासुद्धा फुकट देत नाही. दगडूशीही मी सौदाच केला. माझ्या माशांची लांबी-वजनं घे, खवले ने, पण प्रत्येक माशाचं वय मला सांगून जा. तो "चालेल" म्हणाला. घासाघीस केलीच नाही. मला राग आला. समोरचा लगेच कबूल झाला की आपण कमी मागितलं असं वाटतं.

त्या वयाचा मी उपयोग करून घेतला. "कोवळा दोन वर्षांचा आहे, डॉक्टरने तपासलाय" म्हणून रोहू विकायचो. गिऱ्हाईक डॉक्टर कोण ते विचारायचं नाही. दगडू डॉक्टर होता ते खरंच, पण गणितातला. तो राहायचा त्या गोडादऱ्याच्या गल्लीत लोक त्याला ताप-खोकल्याची औषधं विचारत. तो पोराच्या कपाळावर हात ठेवून गंभीरपणे सांगायचा, "दवाखान्यात न्या. मी फक्त माशांचा आहे."

आणि या माशांच्या डॉक्टरने आयुष्यात मासा खाल्ला नव्हता. घर माळकरी. माय दारातच हुकूम सोडायची, "पिशवी भायेर ठेव, पहिले आंग धू." खवल्यांची पिशवी दाराबाहेरच्या खिळ्याला लटकायची. एकदा दगडूने मला हळूच विचारलं, "भाऊ, चव कशी असते हो?" मी सांगायला लागलो, तर म्हणाला, "नको, राहू द्या. ओळखीचे झालेत सगळे."

त्याचं गणित काय होतं, ते मला माझ्यापुरतं समजलं. खवल्यावर झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं असतात, त्यावरून वय कळतं. किती वयाचे किती मासे जाळ्यात येतात, त्यावरून धरणाच्या पाण्यात किती उरलेत, दर वर्षी किती धरले तर पुढच्या वर्षी तितकेच मिळतील, हे तो समीकरणं मांडून काढायचा. त्याचं सगळं भांडण बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या जाळ्याशी होतं. पाटीत वीतभर कटला दिसला की त्याचा चेहरा उतरायचा.

"भाऊ, ही मादी अजून एकदाही व्यालेली नाही."

"मी नाही घेतली तर हंसाबेन घेईल."

"मग तिलाही सांगतो."

"सांग. ती सुरी दाखवेल."

तो गेला आणि खरोखर सांगून आला. हंसाबेनने सुरी नाही दाखवली, चहा पाजला. पण बारीक मासे घेणं तिने थांबवलं नाही, मीही नाही.

अशा माणसाला नोकरी कुठे मिळणार? गणिताच्या विभागात म्हणाले, हे मासे घेऊन प्राणिशास्त्रात जा. प्राणिशास्त्रात म्हणाले, ही तर नुसती समीकरणं. तो कोसाडच्या वसाहतीत मुलांच्या शिकवण्या घ्यायचा आणि वाट बघायचा. कशाची, ते मी एकदा विचारलं.

"पोस्ट-डॉक्टरल संधीची."

"डॉक्टर झालास ना? आणखी काय शिकायचंय?"

"आता शिकायचं नाही, करायचं. एखाद्या संस्थेत दोन-तीन वर्षं राहून आपलं संशोधन करायचं. ते राहायला देतात, पगार देतात."

"म्हणजे पगारी उमेदवारी."

"तसंच." मग हसून म्हणाला, "भाऊ, तुम्हाला पटकन समजलं की मला भीती वाटते."

आणि एक दिवस तो बाजारात जवळजवळ धावत आला. दक्षिणेकडे समुद्रकाठी मासेमारीवर काम करणारी एक संस्था होती. तिला गणितज्ञ हवा होता. मासे हाताळलेला गणितज्ञ! तिथल्या एका वयस्कर शास्त्रज्ञांनी त्याचा शोधनिबंध वाचला होता आणि स्वतःहून कळवलं होतं की अर्ज करा. जाहिरात त्याने ओट्यावर पसरली, बर्फाच्या पाण्याने ती भिजली तरी त्याला भान नव्हतं. देशात त्याच्यासाठी अशी जागा एकच होती, आणि ती जणू त्याचं माप घेऊन शिवलेली होती.

मी जाहिरात भावाच्या पाटीसारखी खालून वाचतो. खाली लिहिलं होतं, वय पस्तिसाच्या आत.

"तू किती?"

"चौतीस," तो म्हणाला. मग त्याने भिजलेली जाहिरात उचलली. "दाखल्यावर छत्तीस."

हे कसं झालं ते ऐकून मला आधी हसू आलं. त्याचा बाप मागावर काम करायला सुरतेला निघाला तेव्हा थोरला पांडू शाळेच्या वयाचा झाला होता. माय दिवसभर दुसऱ्याच्या शेतात. धाकटा दगडू चार वर्षांचा, त्याला सांभाळणार कोण? बाप दोघांनाही शाळेत घेऊन गेला. गुरुजी म्हणाले, सहा पूर्ण पाहिजेत. बाप म्हणाला, मग लिहा सहा. गुरुजींनी लिहिलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे दोघांच्याही नावापुढे एक जून टाकला. झालं! पांडू आणि दगडू कागदावर जुळे झाले. पांडू मॅट्रिकला अडकला आणि बापाच्या मागावर उभा राहिला. दगडू पुढे गेला, पण ती तारीख त्याच्या मागोमाग गेली.

मी भांडायला उठलो. भांडण हा माझा धंदाच आहे. दगडू आणि पांडूला टेम्पोत घालून त्यांच्या गावच्या शाळेत गेलो. दोघांना हेडमास्तरांपुढे उभं केलं. पांडूचे केस पांढरे व्हायला लागलेले, दगडू काटकुळा. "हे जुळे दिसतात का तुम्हाला?" हेडमास्तर म्हणाले, "दिसत नाहीत. पण मॅट्रिकनंतर तारीख बदलता येत नाही." संस्थेला विचारलं. त्या शास्त्रज्ञांनी वाईट वाटल्याचं कळवलं. कार्यालय मात्र शाळेचा दाखला किंवा पंचायतीची जन्मनोंद याशिवाय दुसरं काही मानत नव्हतं. मायला हे सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "जलम मी दिन्हा, आनि तारीख मास्तरनी खरी?"

दगडू त्या दिवसांत एकदाच कडू बोलला. एका मोठ्या रोहूचा खवला उन्हात धरून म्हणाला, "याला कुणी दाखला मागत नाही, भाऊ. याचं खरं याच्या अंगावर आहे."

मी त्याला न सांगता पुन्हा गावी गेलो. पंचायतीतली त्या वर्षाची जन्मनोंद वाळवीने खाल्ली होती. कारकून भला होता, म्हणजे सौद्याला तयार होता. म्हणाला, वही नाही, पण उतारा देता येईल. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवसाचा जन्म, माय सांगायची तीच तारीख, तेच वर्ष. सही, शिक्का, सगळं. मी तो कागद छातीशी धरून सुरतेला आलो. इतका चांगला सौदा मी तोवर केला नव्हता.

दगडूने कागद घेतला. सवयीने उजेडाकडे धरला.

"तारीख बरोबर आहे," तो म्हणाला.

"मग लाव अर्जाला."

"भाऊ, हा कागद काल जन्मला. याच्यावर चौतीस वर्षं कुठून येणार?"

"तारीख खरी आहे ना?"

"तारीख खरी आहे. कागद खोटा आहे. मी तिथे जाऊन काय करणार? खवला काय सांगतो तेच लिहायचं, मला काय हवंय ते नाही. पहिल्याच दिवशी खिशात हा घेऊन जाऊ?"

माझं डोकं फिरलं. तरी मी शेवटचा भाव बोललो, आयुष्यात कुणाला बोललो नव्हतो असा. "ऐक. तू हा कागद लाव, मी बारीक मासे घेणं बंद करतो. आजपासून. हंसाबेनलाही भाग पाडतो."

त्याने कागदाची घडी घातली. मला वाटलं, पटला सौदा. मग ती माझ्या हातात ठेवून शांतपणे म्हणाला, "ते तुम्हाला पटलं असेल तर कागदाशिवायही बंद कराल."

मी बाजार ऐकेल अशा आवाजात ओरडलो, "चल नीघ! पुन्हा माझ्या ओट्यापाशी दिसू नकोस!" त्याने चिमटा खिशात ठेवला आणि गेला. अर्ज त्याने केला, पण आपल्या पद्धतीने. दाखला लावला, मायच्या अंगठ्याचं प्रतिज्ञापत्र लावलं आणि घडलं ते जसंच्या तसं लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं. वयोमर्यादेत बसत नाही.

मी चूक होतो असं मला आजही वाटत नाही. एका गुरुजीच्या लेखणीने दिलेलं खोटं चालतं आणि एका कारकुनाच्या लेखणीने दिलेलं खरं चालत नाही, हे मला कुणी समजावून सांगावं. राग संस्थेवर आहे, त्या नियमावर आहे, आणि सगळ्यात जास्त दगडूवर आहे. हातात आलेलं त्याने सोडलं.

पुढच्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. पांडू सांगायला आला. मी दवाखान्यात गेलो. दगडूचे डोळे हळदीसारखे झाले होते. मला बघून म्हणाला, "राग गेला का, भाऊ?"

"नाही."

"बरं." मग म्हणाला, "हंसाबेन आली होती. म्हणाली, तुम्ही बारीक मासे घेत नाही आता."

"गिऱ्हाईक नव्हतं म्हणून."

तो हसला. खोटं त्याला लगेच कळायचं, पण त्या दिवशी त्याने मला पकडलं नाही. चारच दिवसांत गेला.

तापीकाठच्या स्मशानात बाहेर एक खिडकी आहे. तिथे नोंद केल्याशिवाय लाकडं मिळत नाहीत. खिडकीतल्या म्हाताऱ्याने नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं आणि चष्म्यातून वर बघत विचारलं, "उंमर केटली?"

पांडूला रडण्यात काही सुचत नव्हतं. जन्मभराच्या सवयीने त्याने आपलंच वय सांगितलं, सदतीस. "साडत्रीस."

"पांत्रीस!" मी ओरडलो. मागचे लोक दचकले. "दोन वर्षं कमी. पस्तीस. हा धाकटा होता!"

मी खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले. आता दाखला मागेल, शिक्का मागेल, थोरल्या भावाने वेगळं कसं सांगितलं म्हणेल. माझी सगळी उत्तरं तयार होती. मी शेवटपर्यंत भांडणार होतो, त्याच्या मायला टेम्पोत घालून आणणार होतो.

म्हाताऱ्याने मान हलवली, "पांत्रीस" असं स्वतःशीच म्हणाला आणि लिहून टाकलं.

"पुरावा?" मीच विचारलं.

"अहींया शेनो पुरावो, भाई? इथे कसला पुरावा?" तो म्हणाला, आणि हात पुढे करून त्याने मागच्या माणसाला बोलावलं.