धुतलं की परत येतं

मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे बेडूकमामा म्हणत. तीस वर्षं एकच काम. बेडकाचं इवलंसं हृदय दोऱ्याने काडीला बांधायचं, समोर काजळी धरलेल्या कागदाचं नळकांडं फिरवायचं आणि त्यावर ठोके कसे उमटतात ते पोरांना दाखवायचं. शेजारच्या यंत्रावर त्याच हृदयातली वीज दिसे. मग झोपेच्या औषधाचे थेंब पडत. काजळीवरच्या रेघा बुटक्या होत होत सपाट होत. वीज मात्र बराच वेळ तशीच नाचत राही.

"हुकूम सुटतोय, पण हमाल झोपलाय," मामा म्हणत. पोरं खिदळत. मग मामा मिठाच्या पाण्याने हृदय धूत आणि ते पुन्हा उडायला लागे. एकदा एका पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मामांनी तिला झापलं होतं, "रडतेस काय? धुतलं की परत येतं."

मामांच्या हातून एकही हृदय वाया गेलं नव्हतं. याचा त्यांना भारी तोरा होता.

घरी बायकोचं हृदय आधीच नाजूक. बहीण गेल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागेना. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आणि बजावलं, एकच. महिन्याभराने दुपारी ती पाकीट घेऊन मामांपुढे उभी राहिली.

"अहो, एकीने काही होत नाही. दोन घेऊ का?"

मामांनी पेपरातून मान वर काढली नाही. "घे की. औषधाचा अंमल काय, उतरतो आपोआप."

दोनाच्या तीन कधी झाल्या ते मामांनी विचारलं नाही. औषधाची भीती त्यांना उरलीच नव्हती.

एका दुपारी ती चहाला उठली नाही. हाका मारल्या, हलवलं, मग मुलाने धावपळ करून तिला कॉलेजच्याच हॉस्पिटलात नेलं. मामा तिथलेच, म्हणून त्यांना आत घेतलं. तिची छाती दाबणारे डॉक्टरांचे हात क्षणभर थांबले. पडद्यावर हृदयातल्या विजेच्या हिरव्या लाटा चालल्या होत्या.

"बाबा, चालू आहे!" मुलगा दारातून ओरडला.

मामांनी तिचं मनगट धरलं होतं. बोटाखाली काहीच नव्हतं. हमाल झोपलाय हे अख्ख्या खोलीत मामांएवढं झटकन कुणालाच कळलं नसेल.

छाती दाबणारी डॉक्टरीण म्हणजे तीच, रडलेली पोर. मामांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई, धुता येत नाही का गं?"

ती पुन्हा दाबायला लागली. अर्ध्या तासाने तिने हात काढून घेतले आणि मामांच्या पायाशी बसून रडली. या वेळी मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पंधरा दिवसांनी मामा कामावर आले. औषध पडलं, रेघा सपाट झाल्या. नवीन पोरं श्वास रोखून बघत होती. मामांनी सवयीने हृदय धुतलं. ते हललं, उडायला लागलं, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तीस वर्षांत पहिल्यांदा ते परत आल्याचा मामांना राग आला.