जोडीनं न्यायचा रिपोर्ट

आम्हाला मूल नाही, त्याचं कारण मी आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ठाऊक होतं ते एकाच माणसाला, तपासणीच्या लॅबमधल्या मामांना; सगळे त्यांना मामाच म्हणत. आवाज खणखणीत, पण तिथं येणाऱ्या एकाही पुरुषाला ते नावानं हाक मारत नसत. सगळे नुसते ‘पावणं’. “नाव पुकारलं की माणूस पळतंय,” म्हणायचे.

मूल का होत नाही याचे रिपोर्ट ते नवरा-बायको दोघं आल्याशिवाय देत नसत. मी एकटाच गेलो, तेव्हा म्हणाले, “सत्यनारायणाला जोडीनं बसतासा, आन् हितं एकटंच?” बायकोला, सुनंदाला, ताप आहे म्हणून मी खोटं सांगितलं. ती घरी भाकरी थापत होती.

मी शिरोलीत लोखंड ओतायच्या फाउंड्रीत कामाला, म्हणून त्यांनी माझ्याच भाषेत समजावलं. माझ्या अंडकोशातून काढलेल्या तुकड्यात एक प्रोटीन दिसायला हवं होतं, ते नव्हतं. “साचा हाय, रस बी हाय, ओतणाराच न्हाय. म्हणून बीज अर्ध्यावर थांबतंय. वैनींचा काय बी दोष न्हाय, आजच सांगा.” मग चिडून म्हणाले, “आन् हेच प्रोटीन कॅन्सरच्या गाठीत घावतंय कधीकधी. पायजे तिथं न्हाय, नको तिथं हजर.”

रिपोर्ट मी कारखान्यातल्या लॉकरमध्ये ठेवला. सुनंदा कडू काढे पीत राहिली. पुतण्याच्या बारशाला माझ्या आईनं तिला पाळण्यापाशी येऊ दिलं नाही. मी पंगतीत जिलबी वाढत होतो. आईचं बोलणं ऐकलं, आणि पुढच्या पानाकडं वळलो.

मामा रस्त्यात भेटले की एकच विचारायचे, “सांगितलंसा का?” मी रस्ताच बदलला.

गेल्या वर्षी त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर झाल्याचं कळलं. भेटायला गेलो. धाप लागत होती, तरी हसले. “जन्मभर दुसऱ्याच्या काचपट्टीवर हुडकलं. आता माझ्याच गाठीत घावलंय की ते प्रोटीन.” आणि मग तेच, “सांगितलंसा का घरात?”

“व्हय,” मी म्हणालो.

“बरं केलंसा. एकदा जोडीनं या चहाला.”

आठवड्यात मामा गेले. मी एकटाच मातीला जाऊन आलो. आंघोळीचं पाणी काढताना सुनंदानं विचारलं, “कोण होते हो?”

“ओळखीचे.”

लॉकरमधला तो रिपोर्ट मला आईसमोर सुनंदाला वाचून दाखवायचा आहे. अजून दाखवलेला नाही.