राखून ठेवलेली अर्धी गाठ

बहादरपूरच्या निंबाला कोणी चांगली बातमी सांगितली तरी तो आधी सांगणाऱ्याचं तोंड न्याहाळायचा. केळीचे घड वजनकाट्यावर चढले की हा काट्याखाली वाकून बघणार. बियाण्याचं पाकीट फोडलं की मूठभर बी आणि रिकामं पाकीट पत्र्याच्या पेटीत राखून ठेवणार. एका वर्षी कपाशी उगवलीच नाही, तेव्हा त्या मूठभर बियांनी कंपनीला बी खराब असल्याचं कबूल करायला लावलं. तेव्हापासून पेटीची किल्ली त्याच्या करदोड्याला लटकलेली. मथुराबाईवर, म्हणजे बायकोवर, मात्र त्याचा फार जीव होता आणि घोटाळा झाला तो त्यामुळेच.

मथुराबाईच्या गळ्यावर वर्षभर सुपारीएवढी गाठ होती. बुऱ्हाणपुरातल्या सर्जननं ती काढली, उग्र वासाच्या औषधपाण्यात घातली आणि बरणी निंबाच्या हाती दिली. "डॉक्टर वैजयंतींच्या लॅबमध्ये द्या. साधी आहे की कॅन्सरची, ते त्या तपासून सांगतील."

निंबाच्या डोक्यात लगेच किडा वळवळला. लॅबमध्ये गाठ बदलली तर? दुसऱ्याच कोणाची गाठ दाखवून मथुराला पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं तर? तो लॅबऐवजी थेट घरी गेला. दाढीचं नवं पातं घेतलं, गाठीचे दोन भाग केले. अर्धी गाठ आणि अर्धं औषधपाणी एका रिकाम्या बाटलीत भरून पेटीत, बियांच्या पाकिटांशेजारी ठेवलं. मग उरलेली अर्धी मुकाट्यानं लॅबमध्ये देऊन आला. एका पाकिटातलं सगळं बी सारखंच असतं, मग गाठीचं काय वेगळं असणार, असा त्याचा हिशोब.

चौथ्या दिवशी लॅबमधून फोन आला. निंबा पोचला तेव्हा वैजयंती मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकून बसल्या होत्या. डोळा न काढताच त्यांनी विचारलं, "गाठ कोणी कापली?"

"मला काय मालूम? सर्जननी कापली आसंल."

"ते अशी कापत नाहीत. निंबाभाऊ, संशय घेणं हा माझा धंदा आहे."

निंबा चपापला. संशयात आपल्याहून वरचढ कोणी भेटेल असं त्याला वाटलं नव्हतं. तरी तो भांडायला उठलाच. "तुमी गाठीचं सांगा ना. काई खराब दिसलं का?"

"ह्या अर्ध्यात नाही दिसलं."

"मंग साधी म्हणून लिवून द्या!"

मॅडमनी त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. गाठ मेणात बसवून तिचा केसाहून पातळ काप घेतला होता, रंगवला होता. आत जांभळे ठिपके, भोवती गुलाबी पट्टा.

"ह्या गाठीतल्या पेशी नुसत्या बघून चांगल्या की वाईट ते कळत नाही. तो गुलाबी पट्टा, म्हणजे गाठीचं कवच, फोडून त्या बाहेर पडल्यात का, ते चहूबाजूंनी पाहावं लागतं. माझ्याकडे निम्माच पट्टा आलाय."

शेतातलं पाणी खेकड्याच्या एका बिळातून निघून जातं आणि ते बीळ शोधायला बांध पुरा फिरावा लागतो, हे निंबाला कोणी शिकवायची गरज नव्हती. "सबूत म्हणून ठेवली मॅडम," एवढंच तो बोलला आणि मोटरसायकल काढून बाटली आणायला पळाला.

दोन दिवसांनी दोघं नवराबायको लॅबमध्ये समोर बसले. मथुराबाईच्या गळ्याला अजून पट्टी होती.

"एका ठिकाणी, टाचणीच्या टोकाएवढं," मॅडम म्हणाल्या, "पेशी पट्टा फोडून रक्तवाहिनीत शिरल्यात. कॅन्सर आहे. पण लवकर सापडलाय. गळ्यातली उरलेली थायरॉइड ग्रंथी काढावी लागेल, मग बऱ्या व्हाल असं मला वाटतं."

'खात्री काय?' हा निंबाचा नेहमीचा सवाल ओठांवर आला आणि तिथेच विरला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

मथुराबाईनं शांतपणे विचारलं, "हे कोणत्या अर्ध्यात निघालं, मॅडम?"

"घरून आणलेल्या."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "म्हंजे माझी बीमारी इतके दिवस तुमच्या पेटीत व्हती? अन् मॅडमनी फोन केला नसता तर?"

निंबानं करदोड्याची गाठ सोडली, किल्ली काढली आणि बायकोच्या तळहातावर ठेवली.