फोटोत मधे गयाबाई

झेरॉक्सच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. एक बिघडलेले कागद आणि दुसरे किस्से. कागद निदान रद्दीवाला तरी नेतो, किस्से कोण नेणार? मग ते असे आल्यागेल्याच्या गळ्यात मारावे लागतात. चहा सांगितलाय, तो येईपर्यंत कुणी उठायचं नाही!

गोष्टी नव्वदच्या दशकातल्या. नगरला माझा टायपिंगचा क्लास होता, त्यातच एका कोपऱ्यात झेरॉक्सचं मशीन. शेजारी बापूचा फोटो स्टुडिओ. वरच्या मजल्यावर देशमुख वकील, नोटरीही तेच. तिघांचा चहा एकत्र, भांडणंही एकत्र. त्या सुमारास आपल्याकडची पोरं परदेशात जायला लागली होती. पोरं विमानात बसून जायची आणि त्यांच्या बायका इथेच राहायच्या. त्यांना तिकडे जायचं तर व्हिसा हवा, आणि व्हिसाच्या साहेबाला पुरावा हवा. कशाचा? तर तुमचं लग्न खरं आहे याचा! लग्न झालंय एवढ्यावर भागत नाही हो, ते खरंही असावं लागतं.

तर टायपिंग माझं, फोटो बापूचे आणि शपथपत्र वकिलांचं. आमच्याकडून गेलेली फाईल परत यायची नाही, असा माझा तोरा होता. होता कशाला म्हणू, आहेच. एक फाईल तेवढी परत आली. तिचंच सांगते. पण आधी भिंगारच्या नर्सचं ऐका.

*

ही नर्स नवऱ्याकडे इंग्लंडला निघाली होती. मुलाखतीत घाबरू नये म्हणून देशमुख वकील तिची तालीम घ्यायचे. स्वतः साहेब होऊन बसायचे, टाय लावून! साहेब लोक घरातलं बारीकसारीक विचारतात असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

"तुमचे पती सकाळी उठले की सर्वांत आधी काय करतात?" वकिलांनी भारदस्त आवाजात विचारलं.

"मला उठवतात."

वकिलांचे कान लालबुंद. "कशाला?" हा पुढचा प्रश्न त्यांच्या तोंडातून काही केल्या फुटेना. मी आणि बापू दाराआड तोंडात रुमाल कोंबून उभे.

शेवटी नर्सलाच त्यांची दया आली. म्हणाली, "चहा करायला हो, वकीलसाहेब!"

*

आता मंगलची फाईल. मंगल केडगावची सून. नवरा संजय अमेरिकेत मशीन दुरुस्तीच्या कामाला. लग्नाला सुटी काढून आला, लग्न केलं आणि सुटी संपली तसा परत गेला. मागे मंगल, सासरे, दावणीच्या गाई आणि सासूबाई गयाबाई. गयाबाई म्हणजे एकदम खणखणीत बाई! त्या रस्त्यावरून बोलत आल्या की माझ्या क्लासमधल्या मुली टायपिंग थांबवायच्या.

मी म्हटलं, "आधी लग्नाचा अल्बम दाखवा. नवरा-नवरी दोघंच आहेत असे चार-सहा फोटो निवडू."

बापूनं अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. मग शेवटपासून पहिल्यापर्यंत पाहिला. एकाही फोटोत दोघंच नव्हते! डावीकडे संजय, उजवीकडे मंगल आणि मधे गयाबाई. हार घालताना मधे गयाबाई. घास भरवतानाही मधून गयाबाईंचा हात, हातात जिलबी. एका फोटोत गयाबाई नव्हत्या, तर तिथे अंतरपाट होता.

बापू चाचरत म्हणाला, "मावशी, दोघांचाच असा एकही नाही का?"

गयाबाई कडाडल्या, "दोगांचाच कशाला? आमी काय मेलो हुतो?"

*

फोटो नाही तर पत्रं बघू, म्हणून वकिलांनी पत्रं मागवली. पत्रं भरपूर होती. संजय पोरगा चांगला, नेमानं लिहायचा. पण सगळी पत्रं वडिलांना! 'तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार' इथून सुरुवात, मग पाऊस, कांद्याचा भाव, तांबडी गाय व्याली का, आणि शेवटी 'घरात सर्वांना नमस्कार'.

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "मंगल, अगं यात तू कुठे आहेस?"

"आहे की," मंगल म्हणाली. "सर्वांमध्ये."

चूक त्या पोराची नव्हती हो. घरात आलेलं पत्र ओट्यावर मोठ्यानं वाचायची पद्धत. तिथे बायकोला वेगळं पत्र लिहिण्याची कुणाची छाती?

"बरं, फोन तरी येतो ना?"

फोन रविवारी यायचा, शेजारच्या गुरुजींच्या घरी. फोन आला की निम्मी आळी गुरुजींच्या ओसरीवर!

"मग काय बोलता दोघं?" वकिलांनी आशेनं विचारलं.

"ते विचारतात, कशी आहेस. मी म्हणते, बरी आहे. मग मी फोन आईंकडे देते."

*

अशी फाईल घेऊन मंगल मुंबईला गेली आणि व्हायचं तेच झालं. साहेबानं विचारलं, "लग्नानंतर दोघं कुठे फिरायला गेलात?" मराठी सांगायला तिथे एक दुभाषी बाई होत्या.

"जेजुरीला," मंगल म्हणाली.

"दोघंच?"

"दोघंच कशाला? टेम्पो केला होता!"

साहेबानं अल्बम चाळला, पत्रांची भाषांतरं वाचली आणि सांगितलं, हे पुरेसं नाही, आणखी पुरावा घेऊन या. एवढंच म्हणाला बिचारा. पण केडगावात बातमी पोचली ती शिंगं-शेपूट लावून. संजयनं तिकडं दुसरी केली म्हणे! हिला टाकली म्हणे! मंगल डेअरीवर दूध घालायला गेली की बायका बोलायच्या थांबत. मंगल डेअरीवर जायची बंद झाली. पोरीच्या अंगावरचं मांस उतरलं.

एक दिवस क्लास सुटल्यावर माझ्यासमोर बसली आणि रडायलाच लागली. "बाई, पुढच्या खेपेला नाही झालं तर मी माहेरी कोणत्या तोंडानं जाऊ? आणि सासरी तरी कोणत्या तोंडानं राहू? हे म्हणतात, सगळं सोडून परत येतो. लोक म्हणतील, हिच्या पायी पोराची नोकरी गेली."

मला हळवं बोलता येत नाही, मी चिडते. म्हटलं, "डोळे पूस आधी! ती फाईल माझ्या हातची आहे. परत येते म्हणजे काय!"

*

सगळ्यांत जास्त राग आला होता तो गयाबाईंना. कुणीतरी त्यांना समजावून सांगितलं, की साहेबाला लग्न खोटं आहे की काय असा संशय आलाय. झालं! दुसऱ्या दिवशी दुकानासमोर टेम्पो उभा. टेम्पोत लग्नातले आहेर!

"खोटं? माझ्या पोराचं लगीन खोटं? आख्खं केडगाव जेवलं, ते काय भातुकलीचं हुतं? घ्या, दाखवा त्या सायबाला!"

आपल्याकडे आहेराच्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत. हंडा, कळशी, डबे, ताटं, तांब्या. प्रत्येकावर ठोकून लिहिलेलं: चि. संजय व चि. सौ. कां. मंगल यांच्या शुभविवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट. खाली तारीख आणि देणाऱ्याचं नाव.

वकिलांचे डोळे चमकले. "बाई, कागद खोटा करता येतो. इतकी भांडी कोण खोटी करील? करा झेरॉक्स!"

आता ताटाची झेरॉक्स करून बघा तुम्ही! मशीनवर ताट पालथं ठेवलं. कागद आला तो अमावास्येसारखा. मग बापूनं सगळी भांडी बाहेर उन्हात मांडली आणि फोटो काढले. जाणारे-येणारे थांबून भाव विचारायला लागले. एका बाईनं तर कळशीसाठी घासाघीस सुरू केली.

गयाबाई तिच्यावर खेकसल्या, "इकायला न्हाई! सुनंचा पुरावा हाय त्यो!"

*

मग शपथपत्रं. मंगलचे मामा पारनेरकडून एसटीनं आले. वकिलांनी बजावलं, "मामा, शपथेवर सांगायचंय. लग्नात जे पाहिलं ते खरं खरं सांगा."

"खरं सांगू?" मामा म्हणाले. "मंग लिवा. फेटे बांदताना मला शेवटी बांदला. म्हून मी रुसलो आन् येष्टी स्टँडवर जाऊन बसलो."

मी टाइप करायची थांबले. "मामा, हे कशाला? साहेबाला काय करायचंय तुमच्या फेट्याचं?"

"शपथ घेतली का न्हाई मी? मंग लिवा! नवरदेव सोता मला आनायला आला, बाशिंगासकट. तवा मी उठलो. तवर मुहूर्त टळत आला हुता."

मी दातओठ खात सगळं इंग्रजीत टाइप केलं. वकिलांनी मराठीत वाचून दाखवलं. मामांनी मान डोलावली, पेन हातात घेतलं आणि थांबले.

"आन् खाली अजून एक लिवा. राग आजून गेलेला न्हाई."

लिहावं लागलं!

*

तेवढ्यात संजय जेमतेम आठवड्याची सुटी काढून आला. घरात पाहुण्यांची रीघ, बापूच्या स्टुडिओत यायला मिळालं ते निघायच्या दिवशीच. मी बापूला दम भरला होता, "आज दोघांचा फोटो पाहिजे. दोघांचाच! जवळ जवळ!" मंगलनं लग्नातली हिरवी साडी नेसली होती. बरोबर गयाबाई होत्याच. आम्ही त्यांना बळंच कडेच्या बाकावर बसवलं.

"जरा जवळ सरका," बापू म्हणाला.

संजय बोटभर सरकला आणि त्यानं आईकडे पाहिलं. परत होता तिथे गेला. मंगल जमिनीकडे बघतेय. दोघांच्या मधून एक म्हैस आरामात गेली असती. बापू घसा कोरडा करून सांगतोय, "अजून थोडं, अजून थोडं," आणि हा पठ्ठ्या आईसमोर लाजून चूर! रोलमधले फोटो संपत आले. बाहेर संजयला न्यायला रिक्षा येऊन उभी. मी कपाळाला हात लावला.

आणि बाकावरून गयाबाई उठल्या.

"आरं सरक की मुडद्या! तिकडं सायब तुझं लगीन खोटं म्हनतोय, आन् तू हितं लाजतोय व्हय?" असं म्हणून त्यांनी संजयच्या खांद्याला असा काही रेटा दिला, की तो थेट मंगलवर जाऊन आदळला. मंगल खळखळून हसली, संजयही हसला. आणि बापूनं बटण दाबलं. रोलमधला तो शेवटचा फोटो.

दोन दिवसांनी फोटो धुऊन आला. काय सांगू, इतका गोड! दोघं एकमेकांना चिकटून, तोंडभरून हसतायत. आणि संजयच्या खांद्यावर, कोपरापर्यंत दिसणारा, हिरव्या बांगड्या भरलेला एक हात!

मी बापूवर असा तोंडाचा पट्टा सोडला! "हा हात काप!"

"हात कापला तर त्याचा खांदा जातो, बाई."

"मग हा फोटो लावायचा नाही. दोघांचा फोटो मागितला आणि हात पाठवला म्हणून साहेब हाकलून देईल!"

वकील म्हणाले, "बाई, दोघं जवळ उभे आहेत असा जगात हा एकच फोटो आहे. लावा." मी नाइलाजानं लावला. रात्रभर डोळ्यांपुढे तो हात.

*

मुलाखतीला मी क्लास बंद ठेवून बरोबर गेले. मंगल आत गेली. बाहेर फाटकाशी मी आणि गयाबाई. त्यांनी आहेरातला तांब्या बरोबर आणला होता, वेळ पडली तर दाखवायला. ऊन चढलं तसं त्यातलंच पाणी आम्ही प्यालो. गयाबाई एक शब्द बोलत नव्हत्या. त्या गप्प म्हणजे किती घाबरल्या असतील ते मला कळलं. मीही मनातल्या मनात खंडोबाला साकडं घालून बसले.

आत काय झालं ते मंगलनं नंतर सांगितलं. साहेबानं भांड्यांचे फोटो पाहिले, मान हलवली. मामांचं शपथपत्र वाचताना त्याच्या मिशीत हसू आलं. "मामांचा राग गेला का?" त्यानं विचारलं.

"नाही," मंगल म्हणाली. "परवाही आले, पण फेटा कुणीच बांधला नाही."

मग तो शेवटचा फोटो. साहेबानं तो उजेडात धरला, जवळ घेतला.

"हा हात कोणाचा?"

"माझ्या सासूबाईंचा."

"काय करतायत त्या?"

"ढकलतायत."

"कुणाला? कुठे?"

"ह्यांना. माझ्याकडे."

आधी दुभाषी बाईंना हसू फुटलं. मग साहेबाला. त्यानं शेजारच्या खिडकीतल्या साहेबाला बोलावून तो फोटो दाखवला. मग लग्नाचा अल्बम पुन्हा उघडला आणि पान उलटलं की बोट ठेवून विचारायला लागला, "ह्याच का?" मंगल म्हणे, "ह्याच." पुढचं पान. "ह्याच?" "ह्याच." जिलबीवाल्या हातापर्यंत!

"आत्ता कुठे आहेत त्या?"

"खाली, फाटकाशी."

साहेबानं अल्बम मिटला आणि म्हणाला, "दुपारी येऊन पासपोर्ट घेऊन जा. व्हिसा मिळाला."

मंगल धावतच बाहेर आली. बोलता येईना, नुसती रडत हसत होती. वाकून गयाबाईंच्या पाया पडली. मी तर भर रस्त्यात टाळ्या वाजवायला लागले, लोक बघत होते, बघेनात का! गयाबाईंनी तिला उठवलं, पदरानं तिचं तोंड पुसलं, स्वतःचं पुसलं. मग आत काय काय झालं ते सगळं नीट ऐकून घेतलं. आणि तांब्या काखेत मारून माझ्याकडे वळल्या.

"लई बोलत हुतात न्हवं, मी मधी मधी येते म्हून? मधी हुते म्हून झालं!"